ती सावली ग्रहाचीच निघाली

आई, अगं ऐक,

आज सकाळी शेजारचे ग्रॅहमभाऊ दाराशी आले. बाहेर कडाक्याची थंडी, गवत हिमानं पांढरं झालेलं, आणि या माणसाच्या पायात नुसत्या जँडल्स, त्या रबरी चपला! हातात उघडा लॅपटॉप. मी दार उघडलं. त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "इट्स अ प्लॅनेट, मेधा. कुसूम्स स्टार हॅज अ प्लॅनेट."

आणि तिथेच पायरीवर उभ्या उभ्या रडायला लागले. सत्तरी ओलांडलेला, सहा फूट उंच माणूस. मी त्यांना आत घेतलं, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत मीही रडून घेतलं.

आई, ज्या बातमीसाठी तू आणि भाऊ त्या शेडमध्ये कुडकुडत बसायचात, ती ही बातमी. ती आधी कुणाला सांगायची? माझा हात फोनकडे गेलासुद्धा. साताऱ्याचा नंबर अजून बोटांत बसलाय ना! अर्धा फिरवून झाल्यावर भान आलं. म्हणून मग ऑफिसला कळवलं, आज येत नाही, घरची महत्त्वाची बातमी आहे. आणि लिहायला बसले. तुला सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुला माहीत असलेलंही सांगणार आहे. चालेल ना?

कशी आली होतीस तू इथे न्यूझीलंडला, हॅमिल्टनला, आठवतं? बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. विमानतळावर व्हीलचेअरमधून बाहेर आलीस तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही तुला. साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणाऱ्या कुसुमबाई त्या? तू बोलणंच सोडलं होतंस. दिवसभर खिडकीशी बसायचीस. मी संध्याकाळी घरी आले की विचारायचे, "काय पाहिलंस आज?"

"काय पाहणार? इथे माणसं असतात कुठे? सकाळी गॅरेजचं दार उघडतं, गाडी बाहेर पडते, दार मिटतं. संध्याकाळी तेच उलटं."

आणि दर चार दिवसांनी तुझं ते वाक्य. "लेकीच्या घरी माणसानं किती दिवस राहायचं?" किती राग यायचा मला त्याचा! लेकीचं घर म्हणजे काय धर्मशाळा?

त्या दिवसांत तू एकदाच चिडलीस. इरा शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, देअर आर ओन्ली एट प्लॅनेट्स नाउ. प्लूटो इज आउट."

"कोणी ठरवलं?"

"सायंटिस्ट्स. दे व्होटेड."

"मतदान? ग्रहांचं मतदान?" तू खुर्चीतून उठलीस. "बारका दिसला म्हणून काढून टाकला बिचाऱ्याला! मी जन्मभर मुलांना नऊ शिकवले, त्याचं काय?"

दोन दिवस धुसफुसत होतीस. मिलिंद मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "बरं झालं. आईंना राग आला म्हणजे आई परत येतायत."

जावई शहाणा आहे गं तुझा. खरंच तू परत येत होतीस. जानेवारीत तो भला मोठा धूमकेतू आला. आपली अख्खी गल्ली अंगणात उतरली होती, आठवतं? ज्यांना आपण फक्त गाड्यांच्या रंगावरून ओळखत होतो, ती माणसं प्रत्यक्ष दिसली. सूर्य नुकताच बुडालेला, पश्चिमेला अजून केशरी उजेड, आणि त्यात तो पिसारा! तू पदर डोक्यावर घेऊन बघत होतीस. शेजारचे ग्रॅहम दुर्बीण घेऊन आले. ते इथल्या 'ते रापा' भागातल्या डेअरी फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मिलिंद तिथेच काम करतो म्हणून तोंडओळख. त्यांनी दुर्बीण तुझ्या हातात दिली. तू बराच वेळ बघितलंस. मग मनात जुळवून ठेवलेलं इंग्रजी वाक्य हळूहळू बाहेर काढलंस.

"सर, विल इट कम बॅक? ऑर ओन्ली वन टाइम?"

ग्रॅहम तुझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या गाडीच्या धुळकट बॉनेटवर बोटानं त्यांनी सूर्य काढला आणि धूमकेतूची वाट काढली. तू त्यात पृथ्वी काढलीस. मग त्यांनी गुरू काढला. मी आणि मिलिंद कंटाळून घरात आलो तरी तुम्ही दोघं बॉनेटवर वाकलेलेच!

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक आली. "तुझ्या आईला माझी शेड बघायला आवडेल का?"

मला काय ठाऊक, तू तिथे मुक्कामच ठोकशील ते! परसातली ती लाकडी शेड, छप्पर रुळांवरून मागे सरकणारं, मध्ये दुर्बीण, आणि दुर्बिणीच्या पाठीला डोळ्याऐवजी कॅमेरा. पहिल्याच दिवशी ग्रॅहम म्हणाले, "पास मी अ पिन, कुसूम." तू पदराची पिन काढून त्यांच्या हातावर ठेवलीस. त्यांना पेन हवं होतं! इथली माणसं पेनला पिन म्हणतात हे तुला कोण सांगणार? घरी येऊन ते सांगताना तू हसलीस. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसलीस.

"ग्रॅहम" काही तुझ्या तोंडी बसेना. तू त्यांना सांगून टाकलंस, "आय विल से भाऊ. भाऊ मीन्स ब्रदर."

"स्वीट अॅज," म्हणाले भाऊ, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. तेव्हापासून आम्हाला फोन केला तरी "भाऊ हिअर" म्हणतात.

आम्हाला वाटायचं, तुम्ही शनीची कडी वगैरे बघत असाल. एकदा जेवताना मिलिंदनं विचारलं, तर तू ताट रिकामं केलंस, धुऊन आणलंस आणि टेबलावर उभं धरलंस. साताऱ्याहून दादानं पाठवलेल्या कंदी पेढ्यांतला एक उचललास.

"हे ताट म्हणजे तारा. दूरचा, आपल्या सूर्यासारखा. आणि हा पेढा म्हणजे त्याच्याभोवती फिरणारा ग्रह, गुरूएवढा. आता पेढा ताटासमोरून नेला की काय होईल?"

"ताटाचा थोडा भाग झाकेल."

"किती? शंभरातला एखादा भाग. तेवढाच ताऱ्याचा उजेड कमी होणार. दोन-तीन तास कमी, मग पुन्हा पहिल्यासारखा. पेढा काही दिसत नाही हो आपल्याला, जन्मात दिसणार नाही. उजेड कमी झाला, एवढंच कळतं. त्यावरून ओळखायचं की मधून कुणीतरी गेलं."

इरानं विचारलं, "बट आजी, हाउ डू यू नो इट्स नॉट समथिंग एल्स?"

"हाच तर प्रश्न आहे, बाळा!" तू पेढा तिच्या तोंडात घातलास. "नव्वद टक्के वेळा दुसरंच काहीतरी असतं."

मग कळलं आम्हाला तुमचं काम. दूरदेशी कुणी छोटे कॅमेरे लावून हजारो ताऱ्यांवर नजर ठेवायचं, आणि ज्या ताऱ्याचा उजेड ठरावीक दिवसांनी कमी झाल्यासारखा वाटेल, त्याचं नाव भाऊंसारख्या हौशी लोकांना पाठवायचं. तुम्ही नीट मोजून बघा, खरंच ग्रह आहे का दोन तारे एकमेकांना झाकतायत. आणि दर वेळी निघायचे दोन तारे! मार्च गेला, एप्रिल गेला. भाऊ वैतागले. म्हणाले, आपण फक्त इतरांच्या चुका शोधतोय. तू त्यांना काय सांगितलंस ते त्यांनी आज मला पुन्हा ऐकवलं. "भाऊ, दुपारच्या भूगोलाच्या तासाला माझा सगळा वर्ग झोपायचा. म्हणून मी शिकवायचं थांबवलं का? वन चाइल्ड वॉज ऑलवेज अवेक."

आणि मग मे महिन्यात तो तारा आला.

नरतुरंग तारकासमूहातला, त्रिशंकूपासून फार लांब नाही. साताऱ्याहून त्रिशंकू अगदी क्षितिजाला टेकलेला दिसतो, मुलांना दाखवायला अजिंक्यतारा चढावा लागायचा, आणि इथे तो डोक्यावर! त्याचंच तुला केवढं अप्रूप. पण या ताऱ्याची गंमत वेगळी होती. त्याचा उजेड कमी व्हायचा तो जवळजवळ बरोबर तीन दिवसांनी. म्हणजे दर वेळी पृथ्वीवर तीच वेळ. चिलीत तोवर तारा मावळतीला टेकलेला, आफ्रिकेत दिवस, ऑस्ट्रेलियातही सूर्य मावळलेला नसायचा. त्या हिवाळ्यात अंधार होता तो फक्त आपल्याकडे. भाऊंच्या शेडवर! यादी पाठवणाऱ्या मंडळींनी कळवलं होतं, या हंगामात सावली नीट मोजता आली तरच मोठ्या दुर्बिणीकडे वेळ मागता येईल. नाहीतर तारा सोडून द्यावा लागेल, यादी मोठी आहे.

आणि नेमकं त्याच वेळी तुझं परतीचं तिकीट.

मी तुला कधी काही मागताना पाहिलं नव्हतं, आई. साडीसुद्धा बाबा आणतील ती. त्या दिवशी मी भाजी चिरत होते, तू शेजारी येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मेधा, व्हिसा वाढवून मिळतो का गं?"

माझ्या हातातली सुरी थांबली. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं म्हणणारी बाई ती!

दादा फोनवर किती चिडला होता. "आईचं वय काय, तिथे थंडी काय, आणि तुम्ही तिला शेजाऱ्याच्या शेडमध्ये बसवता? लोक काय म्हणतील? तिला पाठव परत."

तू माझ्या हातातून फोन घेतलास. "अरे, ओरडू नकोस तिच्यावर. मीच राहतेय. मला इथे काम आहे."

तू शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्यापैकी कुणीच ते वाक्य ऐकलं नव्हतं. मला काम आहे.

पण वायकाटो नदीचं धुकं! जून महिना म्हणजे इथे ऐन हिवाळा, नदीवरून दुलईच येते. तीन दिवस वाट बघायची, संध्याकाळी छप्पर सरकवायचं, आणि समोर नुसतं दूध. पुन्हा तीन दिवस. एकदा अर्धी सावली मिळाली आणि बरोबर मध्येच ढग. भाऊ इतके बोलले त्या ढगाला! तू मला विचारलंस, "तो शब्द काय गं?" मी सांगितला नाही. आणि वेळही हळूहळू सरकत होती. अजून थोडे दिवस आणि सावली उजेडात पडायला लागली असती, संध्याकाळच्या आधी.

शेवटी त्या दिवशी दुपारपासून नैर्ऋत्येचा वारा सुटला. हाडं गोठवणारा, पण आकाश धुऊन काढणारा. सहालाच मिट्ट काळोख. मी घरी आले तर तू माझं स्की जॅकेट, मिलिंदची टोपी, इराचे मोजे आणि वरून शाल अशा अवतारात निघालेली. मीही मागोमाग आले. आई, तोवर मी त्या शेडमध्ये धड बसलेच नव्हते गं. डोकावून जायचे, एवढंच.

लॅपटॉपवर एकेक ठिपका उमटत होता. एक ठिपका म्हणजे एक फोटो, ताऱ्याचा त्या घटकेचा उजेड. ठिपके एका ओळीत, थोडे वर थोडे खाली. काहीच घडत नव्हतं. मला वाटलं, हे बघायला ही दोघं रोज येतात? मग भाऊ पुटपुटले, भिंगावर दव चढतंय. त्यांची दव घालवायची गरम पट्टी नेमकी तेव्हाच बंद पडली. तू शांतपणे शालीतून इराचा हेअर ड्रायर काढलास. "आय थॉट, मेबी," म्हणालीस.

दोन फोटोंच्या मधल्या सेकंदांत तू लांबून, अगदी हळू, तान्ह्या बाळाचं जावळ सुकवावं तशी वाफ घालवत होतीस. आणि ठिपके खाली उतरायला लागले.

मी म्हणाले, "आई, हे..." तर तू ओठांवर बोट ठेवलंस. दृष्ट लागेल म्हणून? ठिपके उतरले, खालीच राहिले, एका सरळ ओळीत. एवढा वेळ राहिले की आता हे वर येणारच नाहीत असं वाटलं मला. तू माझा हात धरला होतास, तुझी बोटं बर्फासारखी. आणि मग, आई, ते चढायला लागले. एक, मग एक, मग एक. पहिल्या ओळीला येऊन टेकले.

भाऊ म्हणाले, "वेल, कुसूम."

तू म्हणालीस, "कुणीतरी गेलं मधून."

घरी येऊन तू आल्याचा चहा घेतलास आणि मला म्हणालीस, "तुझे बाबा गेल्यापासून मला वाटायचं, आता जे काही होणार ते फक्त कमी होणार. पण बघ, तो तारा पुन्हा होता तेवढा झाला."

आता एक भांडायचंय तुझ्याशी. तुझ्या छातीत दुखायचं हे भाऊंना माहीत होतं आणि मला नाही! त्यांना शपथ घातली होतीस म्हणे. "मेधा विल स्टॉप मी." हो, थांबवलं असतं! जॅकेटसकट उचलून आणलं असतं घरी. गणपतीसाठी साताऱ्याला परत गेलीस तेव्हा म्हणालीस, "पुढच्या जूनला येते, भाऊंना सांग कुणाला माझ्या खुर्चीवर बसवू नका." आणि जून यायच्या आधीच, तिकडच्या उन्हाळ्यात, दुपारची झोपलीस ती उठलीच नाहीस. दादा सांगत होता, चेहरा अगदी शांत होता. तरी मला राग आहे, आई. थोडा आहे. पण हेही खरं की थांबवलं असतं तर त्या संध्याकाळी तू तिथे नसतीस. यातलं काय निवडायचं असतं माणसानं? तू निवडलंस. मी आता त्यावर वाद घालत नाही.

तू गेल्याचं भाऊंना सांगितलं. शेडला कुलूप लागलं ते बरेच महिने तसंच. सावली मोजून पुरत नव्हतं ना, त्या ग्रहाचं वजन करायचं होतं, आणि ते मोठ्या दुर्बिणीचं काम. तिकडून काही कळेना. मला वाटलं, संपलं.

आणि आज ही ईमेल!

वजन झालं, आई. तारा किंचित डोलतो, ग्रह त्याला ओढतो म्हणून. त्या डोलण्यावरून वजन करतात म्हणे. ग्रहच आहे. आपल्या गुरूपेक्षा आकारानं मोठा, पण वजनानं हलका. भाऊ म्हणाले, फुगलाय. आपल्या ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की तीन दिवसांत त्याचं वर्ष संपतं. तू असतीस तर लगेच विचारलं असतंस, मग तिथे ऋतू कसे? मी विचारलं भाऊंना. त्यांनाही माहीत नाही!

आणि शोधनिबंधात ज्यांनी निरीक्षणं केली त्या सगळ्यांची नावं आहेत. भाऊंचं आहे, आणि त्याच्या पुढे तुझं. भाऊंनी त्यांना कळवलं होतं की त्या संध्याकाळी दोन निरीक्षक होते, एकाचं नाव छापणार असाल तर माझं गाळा.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "नाव नीट लिहिलंय ना? के. व्ही.? मधलं व्ही बाबांचं आहे."

"आहे रे, व्ही आहे."

"आणि आडनावाचं स्पेलिंग?"

"बरोबर आहे."

"मग मी शाळेत जाऊन सांगतो," तो म्हणाला. "हेडमास्तरांना सांगतो, मुलांना सांगतो. त्यांना कळायला नको, त्यांच्या भूगोलाच्या बाईंनी काय केलं?" आणि मग, आई, तो दादा, तो तुझा कडक लेक, हुंदके देऊन रडला. म्हणाला, "मी तिला परत ये म्हणत होतो गं." मी त्याला सांगितलं, तू रागावली नव्हतीस. बरोबर सांगितलं ना?

इरा आता उंच झालीय, माझ्या खांद्याला लागते. तिनं बातमी ऐकली आणि म्हणाली, "सो आजी टूक वन बॅक फॉर प्लूटो." तुझी नात तुझ्यावर गेलीय!

दुपारी भाऊंनी शेडचं कुलूप काढलं. रुळांना गंज चढलाय, आम्ही दोघांनी तेल घातलं, मिलिंदनं जोर लावला तेव्हा छप्पर हललं. कोळ्यांनी अख्खं गाव वसवलं होतं आत. यादीत नवा तारा आलाय, वृश्चिकेच्या शेपटाजवळचा. भाऊ म्हणाले, "एकट्याला जमायचं नाही मला. डोळे पहिल्यासारखे नाहीत." मी म्हणाले, मी येते. ते म्हणाले, थंडी 'हीप्स' असते, म्हणजे रग्गड, आणि बहुतेक वेळा काही मिळत नाही. मी म्हणाले, माहीत आहे.

तेव्हा आई, शब्द देते तुला. हा हिवाळा मी बसणार. धुकं आलं तर दुसऱ्या वेळी बसेन. आणि हेही दोनच तारे निघाले तर रुसणार नाही, तसं लिहून कळवेन आणि पुढचं नाव मागून घेईन. मला छातीत, पाठीत, कुठेही दुखलं तर मात्र मी घरी सांगणार आहे, तुझ्यासारखं लपवणार नाही. एवढं एक तुझं घ्यायचं नाही असं ठरवलंय.

अंधार पडायला लागलाय. कुंपणापलीकडून भाऊ हाक मारतायत, "मेधा! इट्स क्लिअर!" स्वेटर शोधते आणि निघते.

कामावर निघालेली तुझी लेक,
मेधा